छप्पर आणि मन : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आधारसेवांमागचा इतिहास

अमेरिकेत आज एखाद्या माजी सैनिकाचे भाडे थकले, घर हातचे जाण्याची वेळ आली आणि त्याच काळात रात्रीची झोपही उडाली, तर त्याच्या गावातील एखादी स्वयंसेवी संस्था त्याचे थकलेले भाडे भरू शकते, घरमालकाशी बोलणी करू शकते, समुपदेशकाची वेळ ठरवून देऊ शकते आणि सोबतीला असा एखादा कार्यकर्ता देऊ शकते, ज्याने स्वतः युद्ध आणि बेघरपण दोन्ही भोगलेले असते. भाड्याचा प्रश्न आणि दुःस्वप्नांचा प्रश्न एकाच दारात सोडवला जावा, यात आज कोणाला नवल वाटत नाही. मात्र ही व्यवस्था घडायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातील बहुतेक काळ शासनाने घराकडे शरीराच्या जखमेची भरपाई म्हणून पाहिले आणि मनाच्या जखमेकडे स्वभावदोष किंवा रुग्णालयाच्या भिंतीआड ठेवण्याचा आजार म्हणून. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे आधी ओळखले ते माजी सैनिकांनी आणि त्यांच्याभोवतीच्या माणसांनी. कायदे त्यांच्यामागून आले.

यादवी युद्धाच्या अखेरीस, ३ मार्च १८६५ रोजी, अब्राहम लिंकन यांनी अपंग स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृह स्थापन करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षपदाच्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात युद्धाचा भार वाहिलेल्या सैनिकाची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या अनाथ मुलाची काळजी घेण्याची जबाबदारी राष्ट्रावर टाकली. पहिले आश्रयगृह १८६६ मध्ये मेन राज्यातील टोगस येथे सुरू झाले. पुढे देशभर अशी अनेक वसतिगृहे उभी राहिली, ज्यांत निवृत्त सैनिक गणवेशात आणि जवळजवळ लष्करी शिस्तीत राहत. ती त्यांच्या काळाच्या मानाने उदार होती. पण तेथे प्रवेश मिळे तो मुख्यतः हातपाय गमावलेल्यांना आणि कष्ट करण्याची ताकद उरली नाही अशांना. त्याच वर्षांत डॉ. जेकब मेंडिस डा कोस्टा सैनिकांच्या छातीतील धडधड, धाप आणि थकवा यांच्या नोंदी करीत होते. १८७१ मध्ये त्यांनी या अवस्थेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात तिचा उगम हृदयात शोधला होता. युद्धाचा ओरखडा मनावर उमटलेला असू शकतो, हे मान्य करायला वैद्यकशास्त्राला अजून बराच अवकाश होता.

पहिल्या महायुद्धाने ‘शेल शॉक’ हा शब्द दिला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये तो वैद्यकीय लेखनात आणला, पण त्याच युद्धात पळपुटेपणा आणि भित्रेपणा यांसारख्या आरोपांवरून ब्रिटनच्या आणि साम्राज्याच्या तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना मरणोत्तर माफी मिळाली ती २००६ मध्ये. अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपाने पेटला. १९२४ च्या कायद्याने तेथील सैनिकांना देशातील सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक डॉलर आणि परदेशातील दिवसाला सव्वा डॉलर या हिशेबाने प्रमाणपत्रे दिली होती, पण ती वटायची होती १९४५ मध्ये. मंदीत नोकरी आणि घर गमावलेल्यांना इतकी वर्षे थांबणे शक्य नव्हते. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, कित्येक जण बायकामुलांसह, वॉशिंग्टनमध्ये जमले आणि ॲनाकोस्टिया नदीकाठच्या सखल मैदानावर पत्रे, खोकी आणि फळकुटे यांची वस्ती उभारून राहिले.

या वस्तीकडे केवळ आंदोलन म्हणून पाहिले तर तिचे महत्त्व निसटते. तिथे आखलेले रस्ते होते, साफसफाईची पाळी होती, वाचनालय होते आणि लष्करात वेगळ्या तुकड्यांत ठेवले गेलेले कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय सैनिक तिथे एकत्र राहत होते. माजी सैनिकांनी माजी सैनिकांसाठी चालवलेली ती निवारा-व्यवस्थाच होती. प्रमाणपत्रांची रक्कम लगेच देण्याची त्यांची मागणी सिनेटने १७ जून रोजी फेटाळली. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिकांचा अंत झाला आणि त्याच दिवशी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हाताखालील सैन्याने रणगाडे आणि अश्रुधूर वापरून ती वस्ती उठवली. झोपड्या जळून गेल्या. रक्कम अखेर १९३६ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून, मंजूर झाली.

ही आठवण ताजी असतानाच दुसरे महायुद्ध आले, आणि २२ जून १९४४ रोजी संमत झालेल्या ‘जीआय बिल’ या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामागे तसेच काही पुन्हा घडेल ही धास्ती मोठ्या प्रमाणात होती. शिक्षणाचा खर्च, बेकारी भत्ता आणि घरकर्जाला सरकारी हमी अशा तरतुदी त्यात होत्या. १९५२ पर्यंत सुमारे २४ लाख घरकर्जांना ही हमी मिळाली. त्या पिढीच्या असंख्य कुटुंबांना या कायद्याने हक्काचे घर दिले, हे निर्विवाद आहे. पण कर्ज द्यायचे की नाही हे स्थानिक बँका ठरवीत, त्यामुळे कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती हा कायदा बहुतेक ठिकाणी कागदच राहिला. १९४७ मध्ये मिसिसिपीतील १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ दोन कृष्णवर्णीयांना मिळाल्याचे आढळले. मनाच्या दुखण्यांची स्थिती तर याहून बिकट होती. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालये मनोरुग्णांनी भरून गेली होती, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी किमान चौदाशे जणांवर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूचे तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया, करण्यात आली. घर मिळालेला सैनिक आणि रुग्णालयात बंद असलेला सैनिक यांच्यामध्ये जो तिसरा होता, म्हणजे घरी परतलेला, नोकरीला लागलेला आणि रात्री ओरडत जागा होणारा, त्याच्यासाठी काहीच नव्हते.

खरे वळण आले ते व्हिएतनाम युद्धाने. १९६८ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने रोगनिदानाच्या सूचीची दुसरी आवृत्ती काढली आणि त्यातून, ऐन युद्धाच्या भरात, तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेचे पूर्वीचे निदान वगळले गेले. याचा व्यवहारातील अर्थ असा, की परतलेल्या सैनिकाला त्रास झालाच तर त्याचे मूळ त्याच्या बालपणात किंवा व्यसनात शोधले जाई आणि युद्धाशी त्याचा संबंध नसल्याचे ठरले की भरपाईचा प्रश्नही मिटे. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील युद्धविरोधी माजी सैनिकांनी यावर स्वतःपुरता मार्ग काढला. ते आपल्या संघटनेच्या कार्यालयात जमून एकमेकांशी बोलू लागले. त्यांनी या बैठकांना ‘रॅप ग्रुप’ म्हटले; त्या काळच्या बोलीत ‘रॅप’ म्हणजे मनमोकळे बोलणे. रॉबर्ट जे लिफ्टन आणि चाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ या बैठकांना येत, पण उपचारक म्हणून वरच्या खुर्चीत बसण्यासाठी नव्हे. बोलण्याची दिशा सैनिकच ठरवीत. शॅटन यांनी १९७२ मध्ये या अनुभवावर वृत्तपत्रात लिहिले, अशा बैठका इतर शहरांतही भरू लागल्या, आणि पुढील काही वर्षे या मंडळींनी निदानाच्या नव्या व्याख्येसाठी चिकाटीने पाठपुरावा केला. १९८० मध्ये सूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, समाविष्ट झाला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या निदानाचा एक धागा सैनिकांच्या त्या बैठकांपर्यंत जातो, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

त्याच बैठकांच्या नमुन्यावर ‘व्हेट सेंटर’, म्हणजे माजी सैनिकांसाठीची समुपदेशन केंद्रे, उभी राहिली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी यासाठीचे विधेयक १९७० च्या दशकात पुन्हा पुन्हा मांडले; ते संमत झाले १९७९ मध्ये, जेव्हा माजी सैनिक प्रशासनाचे प्रमुख मॅक्स क्लेलंड होते, ज्यांनी स्वतः व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावला होता. ही केंद्रे मुद्दाम रुग्णालयापासून दूर, बाजारपेठेतील दुकानाच्या गाळ्यांत थाटली गेली. कर्मचाऱ्यांत माजी सैनिक असत, आणि रुग्णाच्या नोंदी रुग्णालयाच्या कागदपत्रांपासून वेगळ्या ठेवल्या जात. ज्या माणसाचा सरकारी इमारतीवरचा विश्वास उडाला आहे, तो दुकानाच्या दारातून आत येईल, हा यामागचा साधा आणि अचूक विचार होता. आज अशी सुमारे ३०० केंद्रे आहेत. संसदेच्या आदेशावरून झालेल्या आणि १९८८ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या पाहणीत व्हिएतनाममध्ये लढलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के जणांना तेव्हाही पीटीएसडी असल्याचे आणि सुमारे ३० टक्के जणांना तो आयुष्यात कधी ना कधी झाल्याचे दिसले.

तोवर रस्त्यावरचे चित्र बदलले होते. १९६३ च्या कायद्याने मनोरुग्णालये रिकामी करून वस्तीपातळीवर केंद्रे उभारण्याचे ठरवले होते. रुग्णालये रिकामी झाली, पण केंद्रे पुरेशी झालीच नाहीत. शहरांच्या नूतनीकरणात एकट्या गरीब माणसांना परवडणाऱ्या खोल्यांची जुनी हॉटेले पाडली गेली. १९८० च्या दशकात पदपथांवर राहणाऱ्यांत माजी सैनिकांची संख्या डोळ्यांत भरू लागली. १९८७ मध्ये संघराज्याने बेघरांसाठीचा पहिला व्यापक कायदा केला आणि माजी सैनिक प्रशासनानेही बेघर मनोरुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यानंतरच्या वर्षी सॅन दिएगोत झालेली गोष्ट.

जुलै १९८८ मध्ये रॉबर्ट व्हॅन क्युरेन आणि जॉन नॅचिसन या व्हिएतनामच्या दोन माजी सैनिकांनी तिथे तीन दिवसांची तंबूंची छावणी भरवली आणि तिला ‘स्टँड डाउन’ हे नाव दिले. युद्धात हे शब्द थकलेल्या तुकडीला आघाडीवरून काढून सुरक्षित तळावर विसावा देण्यासाठी वापरले जात. छावणीत बेघर माजी सैनिकाला आंघोळ, स्वच्छ कपडे, केशकर्तन, दंतवैद्य, समुपदेशक आणि वकील एकाच मैदानात मिळत. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, छावणीत न्यायालयही भरले, कारण उघड्यावर झोपल्याबद्दल झालेला किरकोळ दंड न भरल्याने निघालेले वॉरंट हे घर आणि नोकरी मिळण्यातले नेहमीचे अडसर होते. हा प्रयोग देशभर पसरला. तीन दिवसांनंतर माणूस पुन्हा रस्त्यावरच जातो, अशी टीका त्यावर झाली आणि ती खोटी नव्हती; पण एका माणसाचे सगळे प्रश्न एकत्र पाहण्याची पद्धत इथूनच रुजली, असे म्हणावे लागेल.

छावणीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर १९९२ मध्ये दोन ठिकाणी आकाराला येऊ लागले. गृहनिर्माण खाते आणि माजी सैनिक खाते यांनी ‘हड-व्हॅश’ ही संयुक्त योजना सुरू केली. तिच्यात एक खाते भाड्याचे व्हाउचर देते आणि दुसरे खाते समाजसेवक, उपचार आणि घरभेटी पुरवते. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भरतो, उरलेला भार योजना उचलते. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये अशी कार्यपद्धती सुरू केली, की आधी दारू सोडा, आधी औषध घ्या, मग घर मिळेल, ही अट काढून टाकावी. घर आधी द्यावे आणि उपचार त्या घरात पोहोचवावेत. तिला पुढे ‘हाउसिंग फर्स्ट’ हे नाव मिळाले. ही पद्धत व्यसनाला सूट देते, हा आक्षेप आजही घेतला जातो. पण उंबरठाच नसलेल्या माणसाने औषधाच्या वेळा पाळाव्यात, ही अपेक्षा अधिक अव्यवहार्य होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही नुसत्या मार्गदर्शनापेक्षा मार्गदर्शनासह व्हाउचर मिळालेले माजी सैनिक घरात अधिक दिवस टिकल्याचे दिसले.

इराक आणि अफगाणिस्तानातून सैनिक परतू लागल्यावर या कामाला निधी आला. २००७ मध्ये संकटकाळासाठी चोवीस तासांची दूरध्वनीसेवा सुरू झाली, २००८ मध्ये बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी शिक्षेऐवजी उपचारांवर भर देणारे न्यायालय उघडले, आणि त्याच वर्षी ‘हड-व्हॅश’ला साडेसात कोटी डॉलर देऊन सुमारे १०,००० नवी व्हाउचर काढण्यात आली. २००९ मध्ये माजी सैनिक खात्याचे प्रमुख एरिक शिन्सेकी यांनी पाच वर्षांत हे बेघरपण संपवण्याचे ध्येय जाहीर केले. ते पूर्ण झाले नाही, मात्र त्यामुळे पैसा थेट स्थानिक संस्थांकडे वळला आणि घर जाण्याआधीच भाडे भरून कुटुंब वाचवण्याची योजना उभी राहिली. न्यू ऑर्लिन्सने प्रत्येक बेघर माजी सैनिकाची नावानिशी यादी केली आणि जानेवारी २०१५ मध्ये, त्याआधीच्या वर्षभरात २२७ जणांना घरे दिल्यानंतर, आपल्या शहरातील माजी सैनिकांचे बेघरपण व्यवहारतः संपल्याचे घोषित केले. देशभरातील एका रात्रीच्या गणनेत २०१० मध्ये सुमारे ७४,००० माजी सैनिक बेघर आढळले होते. जानेवारी २०२४ मध्ये ती संख्या ३२,८८२ होती. त्याच वर्षी बेघरांची एकूण संख्या मात्र तोवरच्या उच्चांकावर होती.

तरीही काही जण सतत बाहेर राहिले. सन्मानपूर्वक सेवामुक्ती न मिळालेल्यांना, ज्यांच्यापैकी अनेकांचे ‘गैरवर्तन’ हे मानसिक आघाताचेच लक्षण होते, दीर्घकाळ बहुतेक सेवांची दारे बंद होती. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’सारख्या संस्था त्यांची प्रकरणे लढवीत आल्या आहेत. सैन्यातील लैंगिक अत्याचाराने खचलेल्या स्त्रियांसाठी समुपदेशनाची तरतूद १९९२ मध्ये झाली, पण पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात त्या पाऊल टाकायला कचरतात, हा प्रश्न आजही आहे. आणखी एक अडचण तर कागदोपत्री होती : अपंगत्वाची भरपाई उत्पन्नात मोजली जात असल्याने, अधिक जखमी सैनिकच काही इमारतींच्या उत्पन्नमर्यादेबाहेर जाई. हा नियम ऑगस्ट २०२४ मध्ये बदलला.

लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात १८८८ मध्ये दोन जमीनमालकांनी अपंग सैनिकांच्या कायमच्या घरासाठी सुमारे ३०० एकर जमीन दान केली होती. अनेक दशके तिथे हजारो माजी सैनिक राहिले. १९७० च्या दशकात ते निवास बंद पडले आणि पुढे जमिनीचे तुकडे विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला, खासगी शाळेच्या क्रीडांगणाला आणि वाहनतळाला भाड्याने गेले. २०११ मध्ये बेघर माजी सैनिकांनी दावा लावला, २०१५ मध्ये तडजोड झाली, त्यानंतर १,२०० घरे बांधण्याची योजना ठरली. ती रखडली असताना २०२१ मध्ये त्याच आवाराच्या कुंपणाला लागून, पदपथावर, माजी सैनिकांच्या तंबूंची रांग उभी होती. नवा दावा झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी त्या जमिनीवर १,८०० कायमस्वरूपी आणि ७५० तात्पुरती घरे उभारण्याचा आदेश दिला. सरकारने त्यावर अपील केले.