अर्ध्या मिलिमीटरची झीज

सपाट रस्त्यावर गाडी मजेत चालते. चढ लागला आणि चौथ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबला की मात्र दोन-तीन झटके मारते. चढ संपला की पुन्हा सुतासारखी सरळ. अशा वेळी भेसळीचं पेट्रोल किंवा तुंबलेला फिल्टर यांच्यावर आधी खापर फुटतं. गाडीचं रनिंग लाखावर गेलं असेल आणि स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) कधी बदलले हे कुणालाच आठवत नसेल, तर आधी तेच काढून बघावेत.

झटके चढावरच का बसतात? दोन टोकांमध्ये ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल, हे वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. हा नियम फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली मांडला. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, म्हणजे दाब वाढतो. प्लगची टोकं झिजून त्यांच्यातलं अंतर, म्हणजे गॅप, आधीच वाढलेला असेल, तर लागणारा व्होल्टेज तो पुरवणाऱ्या कॉइलच्या आवाक्याबाहेर जातो. मग ठिणगी एकतर पडतच नाही, नाहीतर भलत्याच वाटेने पळते.

झीज किती होते याचा अंदाज घेऊ. ताशी सरासरी ४० किमीने लाखभर किमी म्हणजे २,५०० तास. इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेऱ्यांवर फिरलं असं धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लगची दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला १,०००. एकूण हिशेब १५ कोटींवर जातो! प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म कण घेऊन जाते. नवा असताना ०.८ मिमी असलेला गॅप १.२-१.३ मिमी झालेला सापडला, तर नवल नाही. शिवाय मधल्या इलेक्ट्रोडची कड गोल होते, आणि ते जास्त नडतं. विद्युतक्षेत्र धारदार कडेपाशी एकवटतं, त्यामुळे तिथून ठिणगी सहज निघते. जुना प्लग भिंगाखाली धरला तर ही कड वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसते. म्हणूनच ठोकून गॅप कमी करण्याचा जुगाड फार दिवस टिकत नाही. अंतर सुधारतं, कड तशीच राहते.

निकेलच्या साध्या प्लगचं आयुष्य साधारण ३० ते ५० हजार किमी धरतात, इरिडियमचं लाखाच्या आसपास. इरिडियम २,४४६ अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल १,४५५ अंशांना. त्यामुळे इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक ठेवूनही टिकतं. मात्र असा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नये. सिरॅमिकला गेलेला केसाएवढा तडा बाहेरून दिसत नाही.

बदलायचं काम तासाभराचं आहे, पण इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) प्लग काढताना आटे सोलून निघू शकतात, आणि मग प्लगच्या खर्चाची जागा हेडचा खर्च घेतो. कॉइलचा बोल्ट काढा, कनेक्टरची क्लिप दाबून सोडवा (जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, ओढाताण नको) आणि कॉइल थोडी पिळून वर ओढा. यानंतरची पायरी घाईत हमखास राहते. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत हवेचा झोत मारून धूळ-खडे उडवून लावा. प्लग निघाल्यावर आत पडलेला खडा थेट पिस्टनवर जातो. विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) गॅस्केट किंवा तिथली सील गळतेय. ती आधी बदला, नाहीतर नव्या कॉइलचं रबरही त्या तेलात फुगेल.

प्लगचा सॉकेट बहुतेक गाड्यांना १६ मिमीचा लागतो, काहींना १४ किंवा २१ मिमीचा. पाव फेरा फिरून प्लग अडला तर जोर लावू नका. मुळाशी गंज सोडवणारं तेल टाका, काही तास थांबा आणि थोडा उलटा, थोडा सुलटा असा फिरवत काढा.

नवा प्लग डब्यातून निघाला तरी गॅप तपासावा. कमी-जास्त करायचा असेल तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवायचा. मधल्या बारीक टोकाला गेज (गॅप मोजायचं साधन) टेकवून रेटायचं नाही. बसवताना प्लगच्या मागच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि चिमटीने फिरवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते. पान्याला ते कळत नाही, तो रेटत जातो.

वॉशर असलेला १४ मिमी आट्यांचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरवर आवळतात, १२ मिमीचा १५ ते २० वर. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. टॉर्क रेंच (ठरावीक जोरावर आवळायचा पाना) नसेल तर नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून वर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशरऐवजी निमुळती बैठक असेल तर फक्त सोळावा हिस्सा. ढिला प्लगही घातकच, कारण टोकाची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि बैठकीतून हेडमध्ये जाते. आट्यांना ग्रीस मात्र फासू नका. घर्षण कमी होऊन त्याच आकड्यावर प्लग जास्त आवळला जातो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. टोक तांबूस-करडं असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे प्लग फार तापतोय. सिरॅमिकच्या बाहेरच्या भागावर, धातूच्या कडेला लागून तपकिरी वलय दिसलं तर वायू गळतोय असं वाटतं. उच्च व्होल्टेजमुळे तिथे तेलाचे कण चिकटतात, एवढंच. पण एकाच सिलिंडरचा प्लग तेलकट ओला निघाला, तर तिथली पिस्टन रिंग किंवा वाल्व्ह सील गेलेली असण्याची शक्यता मोठी. नवा प्लग टाकून इंजिन काही दिवस गुळगुळीत चालेल, मग तोही तेलाने माखेल.