ब्लॉगवाल्यांनी नक्की कोणाला हलवलं?

अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे डाव्या वळणाच्या ब्लॉगर मंडळींनी तिथलं राजकारण बदललं असं नेहमी म्हणतात, पण बदललं म्हणजे काय केलं? लाडा अ‍ॅडमिक आणि नॅटली ग्लान्स या दोघींनी २००५ मध्ये एक भारी अभ्यास केला, १४९४ राजकीय ब्लॉग घेतले, ७५९ लिबरल (प्रोग्रेसिव्हवाले याच बाजूचे) आणि ७३५ कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजवीकडचे, आणि कोण कोणाला लिंक देतंय त्याचा नकाशा काढला. प्रत्येक ब्लॉग एक ठिपका, प्रत्येक लिंक एक रेघ, आणि रेघांनी जोडलेले ठिपके कॉम्प्युटर जवळजवळ ओढतो. तर चित्रात सरळ दोन वेगळे पुंजके दिसले! दोन्हीकडच्या ९१ टक्के लिंका आपल्याच गोटात फिरत होत्या. (लिंक दिली म्हणजे पटलं असं नाही हां, शिव्या घालायलाही लोक लिंक देतात.)

शिवाय गोटातसुद्धा सगळे सारखे नसतात. ज्याला आधीच खूप लिंका आहेत तोच नव्या माणसाला आधी दिसतो, मग तोही त्यालाच लिंक देतो, असं करत मोजकेच ब्लॉग प्रचंड मोठे होतात. २००२ मध्ये मार्कोस मुलित्सासने सुरू केलेला डेली कॉस हा लिबरल ब्लॉग त्यातलाच, तिथे एखादी गोष्ट आली की अख्ख्या गोटात पोचायची.

आता २००६ ची कनेक्टिकट राज्यातली सिनेटची निवडणूक बघा. सिनेटर जो लीबरमन, इराक युद्धाचे समर्थक, आणि त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून समोर नेड लॅमाँट. ब्लॉगवाले लॅमाँटच्या मागे उभे राहिले, त्याने स्वतःचाही बक्कळ पैसा ओतला, आणि ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, साधारण ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी तो जिंकला. तिथल्या प्रायमरीत फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र सगळ्याच मतदारांना मत देता येत होतं, लीबरमन अपक्ष उभे राहिले आणि दहा टक्क्यांच्या आसपास फरकाने आरामात निवडून आले. नकाशातल्या पुंजक्यासारखंच झालं की हे, आत जोर आणि बाहेर फारसा नाही.

पण मला वाटतं याला अपयश म्हणणं चूक आहे, कारण अमेरिकेत उमेदवारी प्रायमरीतच ठरते आणि पुढाऱ्यांना ते बरोबर कळलं. २००७ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला डेली कॉसवाल्यांचा मेळावा भरला तेव्हा २००८ साठी डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे हिलरी क्लिंटन, ओबामा, जॉन एडवर्ड्स तिघंही हजर, आणि त्याच्या काहीच दिवस आधी नॅशव्हिलला डेमोक्रॅटिक लीडरशिप कौन्सिल या मध्यममार्गी गटाचं अधिवेशन होतं, बिल क्लिंटन एकेकाळी ज्याचे अध्यक्ष होते तोच गट, तिकडे या तिघांतलं कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं.