लिव्हरच्या ऑपरेशननंतर तपासणीसाठी रक्त द्यायला येताय? सकाळची गोळी खिशात ठेवून या

लिव्हरचा भाग काढलेले, घरच्या माणसाला लिव्हर दिलेले, नाहीतर नवं लिव्हर बसवलेले पेशंट मुंबई-पुण्याहून डिस्चार्ज घेऊन आले की पुढच्या तपासण्या इथे जळगावातच करतात. चोपडा, यावल, रावेर, पारोळा, सगळीकडून पहाटेची एसटी धरून आमच्या लॅबला येतात आणि काउंटरवर बहुतेकजण एकच विचारतात, "भाऊ, लिव्हर वाढतंय का ते रिपोर्टात येईल ना? आणि ती स्टेम सेलची टेस्ट पण करून टाका."

अशी टेस्ट आम्ही करत नाही कारण तुम्हाला तिची गरजच नाही. आपल्या भागात केळीवरून हे पटकन समजतं. घड उतरवला, खांब कापला की बुडातलं पील वर येतं आणि पील बाग उभी राहते, तसंच लिव्हरलाही कापल्या जागी नवा कोंब फुटतो आणि तो कोंब म्हणजे स्टेम सेल असं लोकांना वाटतं. पण कापलेला भाग परत येत नाही, उरलेला भागच मोठा होतो, आणि हे काम लिव्हरच्या रोजच्याच पेशी दुप्पट होऊन करतात. आतड्याकडून येणारं सगळं रक्त आता लहान लिव्हरमधून जातं, त्या ताणाने पेशी जाग्या होतात, मग एचजीएफ, ईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर त्यांना वाढा म्हणून सांगतात आणि पुरेसं झालं की टीजीएफ-बीटासारखे ब्रेक लागतात. उंदरांवर हे १९३१ सालीच दाखवलंय, दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी साधारण एक-दोन आठवड्यांत वजन भरून आलं. माणसात पहिले दोन आठवडे वाढ जोरात असते, नंतर काही महिने हळूहळू चालते.

पिलासारख्या राखीव पेशी असतात, लिव्हरमधल्या बारीक पित्तनळ्यांच्या टोकाशी, पण त्यांची पाळी येते ती नेहमीच्या पेशी थकल्यावर, म्हणजे वर्षानुवर्षं दारू किंवा कावीळ बी-सी ने लिव्हर खराब झालेलं असेल तेव्हा. म्हणून स्टेम सेलच्या नावाने पावडर, कॅप्सूल किंवा इंजेक्शन कोणी विकत असेल तर पैसे घालू नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्ताच्या आजारांत होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर स्टेम सेल फक्त परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्येच देता येतात.

लिव्हर किती मोठं झालं ते सीटी किंवा सोनोग्राफीत दिसतं, रक्तात नाही. रक्तात दिसतं ते काम कसं करतंय. एसजीपीटी म्हणजे पेशींना इजा किती, त्यावरून वाढ कळत नाही. काम बघायचं तर बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघा, आयएनआर लवकर हलतो. अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते प्रथिन, मात्र रक्तात तीन आठवड्यांच्या आसपास टिकून राहतं त्यामुळे आठ दिवसांत वाढलं नाही म्हणून घाबरू नका. आणि आयएनआरची निळ्या झाकणाची ट्यूब रेघेपर्यंत भरावीच लागते, कमी भरली तर आकडा चुकतो, म्हणून कधी दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर रागावू नका.

आता ज्याच्यामुळे तुमचा अख्खा दिवस वाया जातो ते. नवं लिव्हर बसलेल्यांना शरीराने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी असते, तिची रक्तातली लेव्हल तपासायची असते तेव्हा सकाळची गोळी घेऊन येऊ नका. मागच्या पावसाळ्यात रावेरकडचे एक काका पहाटे चारला उठून आले, हाताला पट्टा बांधला, ताईंनी विचारलं गोळी घेतली का, तर म्हणे, "घेतली ना, स्टँडवर चहाच्या आधी, डॉक्टरांनी सांगितलंय चुकवायची नाही." पट्टा सोडावा लागला, काकांना बहिणीकडे मुक्काम करावा लागला. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत लेव्हल सगळ्यात वर जाते आणि डॉक्टरांना हवी असते सगळ्यात खालची, म्हणजे पुढच्या गोळीच्या अगदी आधीची. चढलेला आकडा बघून त्यांनी डोस कमी केला तर शरीर नवं लिव्हर नाकारायला लागू शकतं. म्हणून आम्ही असं सॅम्पल घेत नाही, पैसे देतो घ्या म्हटलं तरी नाही. काहींना हे ताठरपणाचं वाटतं, पण चुकीचा रिपोर्ट आमच्या सहीने जाऊ द्यायचा नाही हे आमचं ठरलेलं आहे.

गोळी सोबत आणा, रक्त दिलं की इथेच पाणी देतो, लगेच घ्या, आणि नाश्त्याचं डॉक्टरांनी सांगितलंय तसंच ठेवा. दिवसातून दोनदा गोळी असेल तर रात्रीच्या गोळीपासून बारा तासांनी रक्त द्यायचं, एकदाच असेल तर चोवीस तासांनी, त्या हिशोबाने गाडी धरा. जळगाव शहरात आमचा माणूस घरी येऊन सॅम्पल घेतो, आदल्या दिवशी फोन करा. लिव्हरच्या पेशंटचे जुने रिपोर्ट आम्ही जपून ठेवतो आणि मागचे-आताचे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी छापून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायलाही तेच बरं पडतं. येताना डिस्चार्ज कार्ड आणि रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून आणा, ती वेळ आम्ही फॉर्मवर टाकतो.