जलतरण तलावाचे घनफळ

स्पर्धेच्या जलतरण तलावात किती पाणी मावते, याचा हिशेब. सूत्र शाळेतलेच : लांबी × रुंदी × सरासरी खोली. मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मीटर लांब व २५ मीटर रुंद असतो (अडीच मीटरच्या दहा लेन). पाणी २ मीटर खोल असेल तर २५ लाख लिटर, ३ मीटर असेल तर साडेसदतीस लाख. ‘ऑलिंपिक तलावाइतके पाणी’ हे वर्तमानपत्री माप म्हणूनच खोली सांगितल्याशिवाय कुचकामी ठरते.

फसगत होते ती खोलीपाशी. शिकाऊ मुले आणि स्पर्धक एकाच तलावात पोहत असतील, तर तळ सहसा उतरता असतो, आणि उतार एकसारखा असेलच असे नाही. समजा, पहिल्या ३० मीटरांत खोली १.२ वरून १.५ मीटर होते आणि उरलेल्या २० मीटरांत थेट ३ मीटरपर्यंत जाते. दोन्ही टोकांची सरासरी (२.१ मीटर) घेऊन २,६२५ घनमीटर येतात. दोन तुकडे वेगळे मोजले तर २,१३७.५ च. फरक ४,८७,५०० लिटरांचा! लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे, तर ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर या चुकीपायी सुमारे दीड किलो जास्त पडते. खोलीही पाण्याच्या पातळीपासून मोजावी, काठापासून नव्हे. १० सेंटिमीटरांचा फरक म्हणजे सव्वा लाख लिटर.

बडोद्यात लालबागेतल्या तलावासारख्या उघड्या तलावांत मे महिन्यात पाणी उडून जाते ते वेगळेच. ऑलिंपिक मापाच्या तलावात पातळी एक सेंटिमीटर उतरली, की १२,५०० लिटर गेले. दहा हजार लिटरचा टँकरही ती तूट भरून काढत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ मध्ये, ज्या आजवा सरोवराचे पाणी शहराला मिळू लागले, त्याला मात्र हे सूत्र लागू पडत नाही. सरोवराचे काठ तिरपे आणि वेडेवाकडे असल्याने प्रत्येक पातळीवरचे क्षेत्रफळ काढून थर बेरजेत धरावे लागतात.

काठावरून पाणी ओसंडणाऱ्या तलावांत संतुलन टाकीतले (ओसंडलेले पाणी जिथे साठते ती टाकी) आणि नळांतले पाणी वेगळे मिळवावे. पंपाच्या कागदांवर गॅलन असल्यास ते कोणते, हे आधी पाहावे : २५ लाख लिटर म्हणजे ब्रिटिश साडेपाच लाख, पण अमेरिकन सुमारे ६ लाख ६० हजार गॅलन.