पैसा कुठे, माणसं कुठे: इफेक्टिव्ह अल्ट्रुइझममधल्या वाटणीची पार्श्वभूमी

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. त्या संकटावरचा तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. मरणारा माणूस दूर आहे म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, हा त्याचा गाभा आणि 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' चळवळीचं, म्हणजे आपला पैसा आणि वेळ जास्तीत जास्त भलं होईल तिथे लावू पाहणाऱ्या चळवळीचं, वैचारिक मूळ. मात्र कशाला किती द्यायचं, हा प्रश्न उरलाच.

तो हिशेब २००७ मध्ये अमेरिकेत मांडला गेला. हेज फंडात काम केलेल्या होल्डन कार्नोफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड यांनी गिव्हवेल ही सेवाभावी संस्थांची पारख करणारी संस्था काढली. संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के, हा रूढ निकष त्यांनी बाजूला ठेवला आणि आणखी पैसे दिले तर आणखी किती फरक पडेल, ते मोजायला घेतलं. पुढे मोजपट्टी ठरली गरिबांना थेट दिलेली रोख रक्कम. मच्छरदाण्या तिच्या किती पट उपयोगी, असं बघायचं. महाराष्ट्रातल्या पीठगिरण्यांना गव्हाच्या पिठात लोह मिसळायला मदत करणाऱ्या फोर्टिफाय हेल्थलाही गिव्हवेलचं अनुदान मिळालं.

मच्छरदाणी आणि जंताची गोळी या पट्टीने तोलता येतात. पिंजऱ्यातली कोंबडी आणि उद्याची महामारी येत नाहीत. त्यासाठी तीन प्रश्न आले: समस्या किती मोठी, तिच्याकडे किती दुर्लक्ष झालंय, ती सुटण्यासारखी आहे का. आमच्या मते दुसरा सर्वांत कामाचा, कारण गर्दीच्या क्षेत्रात सोपी कामं आधीच उरकलेली असतात. धोका असा, की तिन्ही उत्तरं अंदाजाची आणि त्यांचा गुणाकार होतो. एक अंदाज दहापट चुकला की निकालही दहापट चुकतो. म्हणूनच २०१६ मध्ये ओपन फिलांथ्रॉपी या अनुदान देणाऱ्या संस्थेने सगळा पैसा एकाच 'विजेत्या' क्षेत्रात न घालता वेगवेगळ्या नैतिक भूमिकांना वेगळे वाटे देण्याचा विचार मांडला.

माणसांची वाटणी जास्त अवघड. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'एटी थाउजंड अवर्स' या करिअरचा सल्ला देणाऱ्या संस्थेचं नावच हिशेब आहे: आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, ४० वर्षं. सुरुवातीला भरपूर कमवून दान करण्यावर भर होता. २०१५ च्या सुमारास तो ओसरला, कारण मोठे देणगीदार आले होते आणि कमतरता जाणत्या माणसांची होती. पैसा महिन्याभरात वळवता येतो, पण महामारीतज्ज्ञ तयार व्हायला वर्षं जातात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टो चलनांची बाजारपेठ चालवणारी कंपनी कोसळली. तिच्या पैशावर त्याच वर्षी सुरू झालेल्या फ्यूचर फंडाची अनेक मंजूर अनुदानं हाती पडलीच नाहीत, काहींना मिळालेले पैसेही परत करावे लागले. सर्वांत मोठा फटका दूरच्या भविष्यासाठी काम करणाऱ्यांना बसला, कारण तो फंड मुख्यतः त्यांच्यासाठीच होता.