बेकिंगमधील साखरेचे पर्याय

केक, बिस्किटे, पाव, मेरँग (अंड्याचा पांढरा भाग साखरेसह फेटून भाजलेला पदार्थ) यांसारख्या भाजलेल्या पदार्थांच्या कृतीत सांगितलेल्या साखरेऐवजी दुसऱ्या प्रकारची साखर, मध, पाक किंवा गोडी आणणारा अन्य पदार्थ वापरण्याची पद्धत. हवी ती साखर हाताशी नसणे, चव किंवा रंग वेगळा हवा असणे, साखर कमी खायची असणे ही तिची नेहमीची कारणे. गोडी जुळवणे हा यातला सर्वांत सोपा भाग. पदार्थ फसतो तो बहुधा साखरेची बाकीची कामे पर्यायाला न जमल्यामुळे. म्हणून अमुक कृतीत साखर नेमके काय करते आहे, हे आधी ओळखावे लागते.

साखरेची कामे : नेहमीची पांढरी साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. ती उसाची असो वा बीटची, भट्टीत फरक धरण्याचे कारण नाही. कोरडी दिसत असली तरी केकच्या मिश्रणात ती द्रवासारखी वागते. १०० ग्रॅम साखर पाण्यात विरघळली की पाण्याचे आकारमान सुमारे ६० मिलिलिटरने वाढते. त्यामुळे साखर काढून टाकली की घोल घट्ट होतो, आणि नुसते पाणी घालून ही उणीव भरत नाही. कारण साखर पाणी धरून ठेवते आणि मैद्यातील ग्लुटेनला, म्हणजे चिवटपणा आणणाऱ्या प्रथिनांना, ते पुरते मिळू देत नाही. ग्लुटेनचे जाळे त्यामुळे सैल राहते व केक मऊ होतो. गव्हाचा स्टार्च नुसत्या पाण्यात ६० °से.च्या सुमारास फुगून घट्ट होऊ लागतो. भरपूर साखरेच्या घोलात हीच क्रिया ८० °से.च्या वर जाते. अंड्यातील प्रथिनेही उशिरा गोठतात. या उशिरामुळे हवेचे बुडबुडे फुगायला वेळ मिळतो आणि केक उंच होतो. कमी साखरेचा केक बुटका आणि चिवट का होतो, त्याचे उत्तर इथे आहे.

लोणी आणि साखर एकत्र फेटताना साखरेचे कण लोण्यात हवा कोंडतात. बेकिंग पावडर ही हवा फुगवते, नवे बुडबुडे ती सहसा तयार करत नाही. कुकी भट्टीत पसरते तीही साखर विरघळल्यामुळे, आणि गार झाल्यावर कुरकुरीत होते ती साखर घट्ट होऊन बसल्यामुळे. तांबूस रंग दोन वाटांनी येतो. एक, साखर स्वतः करपत जाणे, म्हणजे कॅरॅमल होणे. सुक्रोजच्या बाबतीत ते सुमारे १६० °से.ला सुरू होते, फ्रुक्टोज या फळांतल्या व मधातल्या साखरेच्या बाबतीत बरेच आधी. दुसरी वाट म्हणजे साखर आणि अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) यांची अभिक्रिया. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी ती १९१२ मध्ये वर्णिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या अभिक्रियेत सुक्रोज थेट भाग घेत नाही, ग्लुकोज व फ्रुक्टोज घेतात. मधात मुख्यतः याच दोन साखरा असतात, आणि मधाचा केक लवकर काळपट होतो तो यामुळेच.

कोरड्या साखरांची अदलाबदल : येथे एकच नियम पक्का धरावा : कपाने नव्हे, वजनाने बदल करावा. एक कप दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम भरते, दाबून भरलेली ब्राउन शुगर २१५ ग्रॅमच्या आसपास, पण पिठीसाखर जेमतेम ११५ ग्रॅम. म्हणजे कपाला कप बदलला तर पिठीसाखरेच्या बाबतीत जवळजवळ निम्मी साखर गायब होते. एक कप दाणेदार साखरेऐवजी पिठीसाखर पावणेदोन कप लागते. वजन जुळले तरी कण बारीक असल्याने ती लोण्यात हवा कोंडत नाही. शिवाय विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा मक्याचा स्टार्च असतो. तो ओलावा शोषतो, त्यामुळे कुकी कमी पसरते आणि तोंडात विरघळण्याइतकी खुसखुशीत होते. लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांना हे हवेच असते, उंच केकला मात्र अजिबात नको. घरी मिक्सरमधून काढलेल्या साखरेत स्टार्च नसतो, आणि पीठ होण्याआधीच मिक्सर थांबवला तर ती कॅस्टर शुगरची जागा चांगली घेते. कॅस्टर शुगर दाणेदारपेक्षा बारीक, पण पिठी नव्हे. ती चटकन विरघळत असल्याने मेरँगसाठी तीच घ्यावी. जाड दाण्याची साखर मेरँगमध्ये न विरघळता राहिली तर नंतर पाकाचे थेंब होऊन बाहेर झिरपते. डेमेरारासारखी टपोऱ्या स्फटिकांची साखर पिठात मिसळण्यापेक्षा वरून भुरभुरायला बरी.

ब्राउन शुगर म्हणजे सहसा पांढऱ्या साखरेवर मळीचे, म्हणजे मोलॅसिसचे आवरण. फिकट प्रकारात मळी साधारण ३.५ टक्के असते, गडद प्रकारात ६.५ टक्के. प्रमाण किरकोळ वाटते, परिणाम तसा नसतो. मळीतील ग्लुकोज व फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवतात आणि सुक्रोजला पुन्हा स्फटिक होऊ देत नाहीत. म्हणून पांढऱ्या साखरेची कुकी कडक व कुरकुरीत, तर ब्राउन शुगरची मऊ आणि चावायला लागणारी. कृतीत दोन्ही साखरा सांगितल्या असतील तर ते चवीइतकेच पोतासाठी असते. घरी एक कप पांढऱ्या साखरेत एक टेबलस्पून मळी नीट चोळली की फिकट ब्राउन शुगरचे काम भागते. गडद हवी तर दोन टेबलस्पून.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ती म्हणजे मळी आम्लधर्मी असते. ज्या कृतीत ब्राउन शुगर आणि फक्त खाण्याचा सोडा आहे, तिथे सोड्याला लागणाऱ्या आम्लाचा काही वाटा ही साखरच पुरवते. तिच्या जागी पांढरी साखर घातली तर काही सोडा तसाच उरतो, पदार्थ कमी फुगतो आणि साबणासारखी चव येते. अशा वेळी थोडा लिंबूरस किंवा व्हिनेगर घालावे, नाहीतर सोडा काढून त्याच्या साधारण तिप्पट बेकिंग पावडर वापरावी.

मस्कोव्हाडो, गूळ, नारळाची साखर या कमी शुद्ध केलेल्या साखरा ब्राउन शुगरच्याच वाटेने जातात, पण प्रत्येकीचा ओलावा वेगळा. गूळ बारीक किसून किंवा विरघळवून गाळून घ्यावा, नाहीतर त्याचे खडे घोलात तसेच राहतात. नारळाची साखर कोरडी व खरखरीत असते आणि लवकर करपते. या साखरा ‘पौष्टिक’ म्हणून खपवल्या जातात. त्यांतील खनिजे केकच्या एका तुकड्यात नगण्य असतात, आणि त्यांचाही मोठा भाग सुक्रोजच असतो. त्या वापराव्यात त्या चवीसाठी.

मध आणि पाक : साखर स्वस्त होण्यापूर्वी युरोपात गोड भाजीव पदार्थांची मदार मधावर होती. मसालेदार मधकेकांची परंपरा त्याच काळातली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आंड्रेआस मार्कग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटमधील साखर ओळखली व पुढच्या शतकात बीटची साखर मुबलक झाली, तसा मध मागे पडला. टंचाईच्या काळात तो परत आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४२ ते १९४७ आणि ब्रिटनमध्ये १९४० ते १९५३ साखरेवर शिधावाटप होते. त्या काळातल्या गृहिणींनी मध, मक्याचा पाक व मळी वापरूनच भट्टी चालू ठेवली.

मधासाठी रूढ नियम असा : एक कप साखरेला पाऊण कप मध, द्रव तीन-चार टेबलस्पून कमी, पाव टीस्पून खाण्याचा सोडा जास्त आणि ओव्हनचे तापमान सुमारे १५ °से.ने कमी. हा नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचा हिशेब समजून घेतला तर तो कोणत्याही पाकाला लावता येतो. पाऊण कप मध सुमारे २५५ ग्रॅम भरतो. त्यात १७-१८ टक्के पाणी, म्हणजे जवळपास ४५ ग्रॅम. उरलेले २१० ग्रॅम बहुतेक साखर. म्हणजे साखर २०० ग्रॅमला २१० ग्रॅम जुळली, आणि जास्तीचे ४५ ग्रॅम पाणी दुधातून किंवा पाण्यातून वजा केले. सोडा मधाचे आम्ल मारतो, पण त्यानेच रंगही लवकर चढतो. तापमान उतरवण्याची गरज त्यामुळे आणखी वाढते. हाच हिशेब मेपल सिरपला लावला तर वेगळे उत्तर निघते. पाऊण कप म्हणजे सुमारे २४० ग्रॅम, त्यात तिसरा हिस्सा पाणी, आणि साखर केवळ १६० ग्रॅम. म्हणजे पाणी मधापेक्षा जास्त वजा करावे लागते, आणि गोडी तरीही कमीच पडते.

पाकांची खरी अडचण फेटण्यात आहे. त्यांत कण नसल्याने लोण्यात हवा कोंडली जात नाही. म्हणून तेल किंवा वितळलेले लोणी वापरणाऱ्या केकमध्ये मध सहज चालतो. लोणी-साखर फेटून सुरू होणाऱ्या कृतीत साखरेचा फार तर अर्धा भाग बदलावा. कुरकुरीत बिस्किटांत मध घालून कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नये. हवेतला ओलावा ओढून घेणे हा फ्रुक्टोजचा स्वभाव आहे, आणि त्यामुळेच मधाचा केक मात्र दिवसेंदिवस मऊ राहतो. व्यावसायिक बेकरीत याच कारणासाठी इन्व्हर्ट शुगर, म्हणजे सुक्रोज फोडून केलेला ग्लुकोज-फ्रुक्टोजचा पाक, थोड्या प्रमाणात घालतात.

साखर नसलेले पर्याय : सुक्रॅलोज हा कृत्रिम गोड पदार्थ साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे. २०० ग्रॅम साखरेची गोडी त्याच्या ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शात येते. प्रश्न उरतो तो बाकीच्या जवळजवळ २०० ग्रॅम वस्तुमानाचा. स्टीव्हिया या वनस्पतीपासून काढलेल्या गोडीचेही तेच, वर तिची कडवट मागचव. म्हणून बेकिंगसाठीच्या अशा मिश्रणांत माल्टोडेक्स्ट्रिनसारखे (स्टार्चपासून केलेली भुकटी) भरीचे पदार्थ घालतात. अस्पार्टेम हा दुसरा कृत्रिम गोड पदार्थ उष्णतेने विघटतो व गोडी गमावतो, त्यामुळे भट्टीत तो निरुपयोगी.

एरिथ्रिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल या साखर-अल्कोहोल गटातील गोड पदार्थांना वस्तुमान असते, म्हणून ते साखरेच्या अधिक जवळ. एरिथ्रिटॉल साखरेच्या ६०-७० टक्के गोड. ते तांबूस होत नाही, पदार्थ गार झाल्यावर पुन्हा स्फटिक होऊन कचकचते आणि जिभेला गारवा देते. माल्टिटॉलचा पोत बराच जुळतो, पण जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. अल्युलोज या दुर्मीळ साखरेची वागणूक एरिथ्रिटॉलच्या अगदी उलट. ती झपाट्याने तांबूस होते आणि कुकी मऊच ठेवते, म्हणून ओव्हन जरा मंद ठेवावा लागतो. साखर कमी करणे एवढाच हेतू असेल तर पर्याय शोधण्याआधी कृतीतली साखर वजनाने एक-पंचमांश कमी करून पाहावी. बऱ्याच केक-कुकींना ते सहज चालते, मेरँगला नाही.

पावाची गोष्ट निराळी. साध्या पावाला साखर लागतच नाही, यीस्ट पिठातील स्टार्चपासून होणाऱ्या साखरेवर भागवते. घातलेली थोडी साखर मध किंवा मळीने बदलली तरी फारसे बिघडत नाही. गोड पावात साखर मैद्याच्या दहा टक्क्यांपलीकडे गेली की ती यीस्टचे पाणी ओढून घेते व आंबणे मंदावते, मग ती कोणतीही साखर असो. झायलिटॉल व एरिथ्रिटॉल यीस्टला पचत नाहीत, तेव्हा यीस्टला खायला म्हणून ते घालण्यात अर्थ नाही. झायलिटॉल कुत्र्यांना अल्प प्रमाणातही विषारी ठरते, म्हणून ते घातलेला पदार्थ त्यांच्या वाटेला जाणार नाही अशा ठिकाणी ठेवावा.