डिजिटल तंत्रज्ञानाचा प्रतिरोध

नवे डिजिटल साधन हाताशी असूनही ते न वापरणे, वापर लांबणीवर टाकणे किंवा सक्ती झाल्यावर नावापुरते वापरून जुनीच पद्धत चालू ठेवणे, या वर्तनाला डिजिटल तंत्रज्ञानाचा प्रतिरोध म्हणतात. उघड नकार त्यात क्वचितच असतो. ‘पुढच्या महिन्यापासून बघू’ हे त्याचे नेहमीचे रूप. साधन परवडत नाही किंवा नेटवर्कच पोहोचत नाही, ही गोष्ट निराळी. तिला प्रतिरोध म्हणणे अन्यायाचे आहे.

नव्या गोष्टींच्या प्रसाराविषयी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये केलेल्या मांडणीत सर्वांत उशिरा बदलणारे सुमारे १६ टक्के लोक ‘मागे रेंगाळणारे’ ठरले. हा शिक्का चांगलाच चिकटला. नवे ते चांगलेच, असे त्यात गृहीत धरले जाते, हा दोष पुढे रॉजर्स यांनीही मान्य केला. माहिती प्रणालींचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये स्वीकाराची दोन कारणे सांगितली : साधन उपयोगी वाटणे आणि सोपे वाटणे. यातला ‘वाटणे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण बनवणाऱ्याला सोपे वाटलेले वापरणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही.

सवय मोडण्याची किंमत बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे एकाच प्रणालीवर काम केलेल्या माणसाची बोटे न बघता चालतात. नव्या आवृत्तीत ‘जतन करा’चे बटण उजवीकडून डावीकडे गेले, की तोच माणूस सर्वांदेखत नवशिका होतो. पैशांच्या व्यवहारात भीतीही असते. रक्कम खात्यातून वजा झालेली, पडद्यावर चक्र फिरतेच आहे आणि विचारायला समोर कोणी नाही. असे एकदा घडले, की माणूस रोखीकडे वळतो. मिळणाऱ्या फायद्यापेक्षा तेवढाच तोटा मनाला जास्त लागतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले होते. वयाला दोष देण्याआधी हे पाहायला हवे.

पुष्कळदा मूळ प्रश्न सत्तेचा असतो. यंत्रे फोडणारे म्हणून हिणवले गेलेले इंग्लंडमधील लडाइट (१८११ पासून) स्वतः यंत्रांवरच काम करणारे कुशल कारागीर होते. त्यांचा राग मजुरी पाडणाऱ्या आणि हलका माल काढणाऱ्या वापरावर होता. संगणकयुगातले नेमके उदाहरण माहिती प्रणालींच्या अभ्यासक लिन मार्कस यांच्या १९८३ च्या अभ्यासात सापडते. एका मोठ्या कंपनीत हिशेबाची नवी संगणक प्रणाली आली. तोवर विभागातले हिशेबनीस आपले आकडे स्वतःकडे ठेवून त्यांचा सारांश मुख्य कार्यालयाला पाठवत. आता मुख्य कार्यालय हवे तेव्हा थेट त्या आकड्यांत डोकावू शकत होते. मुख्य कार्यालयाला प्रणाली आवडली, विभागांना खटकली. एका विभागाने तर नव्या प्रणालीबरोबर जुनी हिशेबपद्धतही चालू ठेवली आणि दुप्पट काम अंगावर घेतले. अशा ठिकाणी केवळ लॉगइनची संख्या मोजली तर प्रतिरोध दिसतच नाही, कारण नोंदी दोन्हीकडे होत असतात.